वाघ्याच्या शिंगावरची तांबडी चिंधी

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. आईला नाही, मित्रांना नाही, बायकोला तर नाहीच — तिला ते ठाऊक असावं असा मला दाट संशय आहे, पण तिला ठाऊक असणं वेगळं आणि मी तोंडानं सांगणं वेगळं. तुम्हाला सांगतो आहे. तुम्ही मला ओळखत नाही, त्यामुळं सोपं जाईल असं वाटलं होतं. तसं काही दिसत नाही. सकाळपासून टाक पुसून झाला, दौत भरून झाली, दाराची कडी दोनदा तपासून झाली, आणि लिहून काय झालं? एवढंच.

प्रकरण एका बैलाचं आहे. हसू नका.

नाही — हसा. मीही पुष्कळदा हसलो आहे, चारचौघांत बसून, मांडीवर थाप मारून. तेच तर सांगायचं आहे.

आमचं गाव वाशीमच्या बाजूचं, कापसाच्या बाजाराचं. नाव लिहीत नाही. बाजाराच्या दिवशी इकडून कामरगाव, तिकडून मेडशी, अशा चारी वाटांनी बंड्या यायच्या. बंडी म्हणजे बैलगाडी. आमच्याकडं नुसतं गाडी म्हटलं की लोकांना आगगाडी वाटते. या बंड्या भर चौकात वाटेल तिथं सुटायच्या. कासाराच्या दुकानात शिरायचं तर बैलाच्या पोटाखालून जावं लागे. डॉक्टरांच्या दारात एकदा इतक्या बंड्या लागल्या की आत गेलेला रोगी बरा होऊनही संध्याकाळपर्यंत बाहेर पडू शकला नाही. शेवटी कमेटीनं चौकाच्या मधोमध गाडीतळ आखला, आणि तो सांभाळायला एक दरोगा नेमला. तो मी. माझे मामा वकिलाकडं कारकून होते, त्यांनी शब्द टाकला. खाकी कोट मिळाला, शिट्टी मिळाली, वेताची छडी मिळाली. मी पंचविशीच्या आतला होतो. आरशात पाहिलं तर माझा मलाच धाक वाटला.

पहिल्याच आठवड्यात मी तळावर चुन्याच्या सरळ रेघा मारून घेतल्या. दोन रेघांमध्ये एक बंडी, सगळ्यांची तोंडं उत्तरेला. कागदावर फार सुंदर दिसत होतं. बाजार भरला आणि पाहतो तर प्रत्येक बंडीचं तोंड निराळ्या दिशेला.

"ओ भाऊ, रेघ दिसत नाही का?"

"दिसते ना जी. झ्याक मारली हाये. पन माहं गाव तिकडं हाये अन् तुमची रेघ इकडं पाह्यते. त्याले मी काय करू?"

तेव्हा मला कळलं की आमच्या भागात बंडी सोडायची तर आपल्या गावाकडं तोंड करून सोडतात. संध्याकाळी जुंपली की बैलांनी आपली वाट धरावी, मालक पेंगला तरी. शिवाय परक्या गावाकडं तोंड करून उभी केली तर परतताना काहीतरी विपरीत होतं, असं बायका म्हणत. एवढ्यावर भागत नव्हतं. ज्यांचा बांधावरून दावा चालू, त्यांच्या बंड्या शेजारी नकोत. व्याह्यांच्या शेजारी हव्यात — पण लग्नात मानपान चुकला असेल तर नकोत. आता मला सांगा, बंड्या लावायच्या म्हणजे आधी आख्ख्या मुलखातली लग्नं आणि कोर्टकज्जे पाठ करायचे काय? मी केले. वर्षभरात मला कोणाचं कोणाशी बोलणं बंद आहे हे पाटलांपेक्षा जास्त कळू लागलं. दरोगा हुशार आहे, असं लोक म्हणू लागले.

आणि आता एक कबुली देऊन टाकतो. ही मुख्य नव्हे, ही धाकटी; हिच्या पोटातून दुसरी निघाली.

मी बैलांना भितो.

लहानपणी काही झालं होतं, एखाद्या बैलानं उडवलं होतं, असं सांगता आलं असतं तर बरं दिसलं असतं. काही झालं नव्हतं. मी शाळामास्तराचा मुलगा, वाशीमच्या भाड्याच्या घरात वाढलेला. आमच्या घरात चार पायांचं म्हणजे फक्त टेबल. पण पुष्कळांच्या घरी गुरं नसतात, म्हणून सगळेच भितात का? मला ते मोठं डोकं भ्यायला लावतं. तो ओला श्वास. आणि ते डोळे — काही न बोलता पाहत राहणारे.

बैलांना भिणारा माणूस आणि त्याला दिवसभर शेकडो बैलांमध्ये उभं राहायची नोकरी. वऱ्हाडात ही गोष्ट सांगायची कुणाला? इथं पोरी झिंज्या बांधायच्या वयात बैलाच्या नाकातली वेसण धरतात. मी एक युक्ती काढली. चौकात कडुलिंब होता, त्याला दगडी पार होता. मी पारावर उभा राहायचो आणि शिट्टीनं, छडीनं, ओरडून बंड्या हलवायचो. खाली उतरायचो नाही. एखादं जनावर पाराकडं वळलं की मला तळाच्या पलीकडच्या टोकाला निकडीचं काम आठवायचं. लोकांना वाटलं हा रुबाब आहे. "दरोगाजी जनावराले हात लावत नाही," ते कौतुकानं सांगायचे, "नुसत्या शिट्टीवर बंड्या हालवते."

कोणी चांगलं म्हणत असताना मध्येच थांबवून खरं सांगितलं आहे का तुम्ही कधी? मी नाही.

आता पुंजाजी.

पुंजाजी कामरगावचा. थोडी शेती, बाकी बंडीचं भाडं. पण भाडं कसलं, तर माणसांचं, आणि माणसांतही नाजूक माणसांचं. नवरी सासरी पोचवायची, पोटुशी लेक माहेरी आणायची, कंबर मोडलेली म्हातारी डॉक्टरकडं न्यायची, की पुंजाजीला निरोप जायचा. कारण त्याचा उजवीकडचा बैल. वाघ्या. कपाळावर पिवळसर पट्टे होते म्हणून नाव वाघ्या. बाकी वाघाचं त्यात काही नव्हतं. डावीकडचा पाखऱ्या जरा उतावळा होता, पण वाघ्या त्याला सांभाळून घ्यायचा. खाचखळगा आला की वाघ्या आपणहून पाऊल आखडायचा. "भरली घागर ठेवा बंडीत," पुंजाजी म्हणायचा, "वाघ्या सांडू देनार नाही." तळावर बंडी सुटली की पोरं वाघ्याच्या पोटाखाली गोट्या खेळायची, आणि गोटी खुराजवळ गेली तर तो पाय उचलून धरायचा. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. पारावरून.

तो बाजाराचा दिवस होता, उन्हं कडक. सकाळीच पुंजाजी पाराशी आला.

"दरोगाजी, मेडशीची पोरगी हाये बंडीत. भरल्या दिवसाची हाये. बांगड्या भरते म्हंते, मंग माहेरी न्यायची. बंडी लिंबाखाली लावू काय जी? रेघंत ऊन हाये."

लिंबाखाली बंडी लावायला बंदी होती. मी म्हणालो, "लाव." हे लक्षात ठेवा, कारण पुढं मी ते विसरलो. पोरगी, तिची आई आणि गाठोडं घेऊन पुंजाजी, असे तिघं कासाराकडं गेले. बैल सोडून चाकाला बांधलेले, पुढं कडबा.

दुपारच्या सुमाराला सायकलवरून एक शिपाई धापा टाकत आला. अकोल्याचे मोठे साहेब आजच येत आहेत. मोटारीनं. उद्या येणार होते ते आजच! स्वागताची कमान अर्धीच बांधलेली, तांबड्या कापडाचा तागा अजून शिडीवर लोंबत होता. कमेटीचे अध्यक्ष धोतर सावरत चौकात आले. त्यांना एकच घोर लागला होता: मोटार उभी कुठं करायची? आमच्या गावात त्यापूर्वी मोटार थांबलीच नव्हती. आली तशी धूळ उडवून गेली होती. मोटार उन्हात राहिली तर आतली गादी तापेल, गादी तापली तर साहेब तापतील.

"सावलीत पाह्यजे," अध्यक्ष म्हणाले, आणि त्यांची नजर लिंबाखाली गेली. "ते बंडी काहून हाये तिथं? दरोगा! हालवा ते."

मी शिट्टी मारली. वाघ्यानं कान हलवला, बस्स. मी आजूबाजूला पाहिलं. सगळे हार, फुलं, कमान यांच्यात गुंतलेले. "कोणीतरी बैल धरा रे," मी ओरडलो. कोणी ऐकलं नाही.

"तुमीच धरा ना! दरोगा कायले ठेवला?" अध्यक्ष दहा पावलांवर उभे. त्यांच्याशेजारी हेडमास्तर, पानवाला, आणखी पाचपन्नास माणसं. दूर रस्त्यावर धुळीचा लोट दिसू लागला होता.

मी पारावरून उतरलो.

जे झालं ते जसंच्या तसं सांगतो. हेच मी इतकी वर्षं कधी जसंच्या तसं सांगितलं नाही. मी चाकाशी गेलो आणि दाव्याच्या गाठीकडं, अंग मागं ठेवून, नुसता हात लांब केला. माझ्या कोटाच्या खिशात भुईमुगाच्या शेंगा होत्या. वाघ्याला वास आला असावा. त्यानं मान लांब केली, माझ्या खिशाशी नाक आणलं, हुंगलं — आणि शिंकला.

एवढंच. बैल शिंकला.

मी किंचाळून मागं उडी मारली. मागं बंडीचं जू जमिनीला टेकलेलं होतं, त्याच्या खुंटीत माझं धोतर अडकलं. टर्रर्र असा आवाज चौकभर झाला. मी जुवावरून उलटून शेणात पडलो. ताज्या. पाखऱ्याच्या.

सगळे धावले. "अरे अरे! काय झालं हो दरोगा?"

माझ्याकडं त्या वेळी तीन शब्द होते. पडलो. शिंकला. भ्यालो. तिन्ही खरे होते, तिन्ही लहान होते, कुठलाही एक चालला असता. लोक हसले असते. किती दिवस हसले असते? पुढच्या बाजारापर्यंत? पोळ्यापर्यंत?

मी म्हणालो, "मारलं."

"बैलानं?"

"हो. ह्यानं." आणि मी वाघ्याकडं बोट केलं.

"म्या पाह्यलं!" पानवाला ओरडला. त्याची पाठ होती आमच्याकडं. "असं शिंग घातलं, असं! धोतर फाडलं ना!" दुसरा म्हणाला, त्याला सकाळपासून त्या बैलाचे डोळे बरोबर वाटत नव्हते. मी शेणातून उठेपर्यंत वाघ्याविरुद्ध चार साक्षीदार तयार झाले होते. मला पाचवा होण्याचीही गरज उरली नाही.

तेवढ्यात मोटार आली. साहेब उतरले, त्यांना हार घातले गेले, आणि शेणानं माखलेल्या मला पाहून त्यांनी विचारलं काय झालं. अध्यक्षांनी सांगितलं. साहेब बैलापासून बेतानं लांब उभे राहिले.

"नाम क्या है इसका?"

"वाघ्या, सरकार," हेडमास्तर म्हणाले, आणि साहेबांच्या कानाशी इंग्रजीत अर्थ सांगितला.

साहेब हसले. "तो फिर और क्या पूछना है? सींग पर लाल कपड़ा बाँधो. लोग दूर से समझें."

कमानीच्या तांबड्या ताग्याची एक पट्टी टर्कन फाडली गेली आणि ती — कोणाच्या हातात दिली असेल? तळाचा दरोगा मी.

मी ती पट्टी हातात धरून उभा होतो तेव्हा पुंजाजी गर्दीतून वाट काढत आला. काखेत गाठोडं. त्याला चौघांनी एकदमच सांगितलं. तो वाघ्याकडं गेला नाही, माझ्याकडं आला.

"दरोगाजी, लय लागलं काय जी तुमाले?"

हे त्यानं पहिलं विचारलं. नंतर माझं धोतर, माझे हात, माझे गुडघे नजरेनं चाचपले, आणि मग वाघ्याकडं वळून म्हणाला, "माह्या वाघ्यानं? ... काहून रे बाबा?"

तो तिथंच म्हणू शकला असता, की दरोगाजी, बंडी लिंबाखाली लावायला तुमीच तर सांगितलं. त्यानं माझ्याकडं पाहिलंही तसं. पण समोर साहेब, समोर अध्यक्ष. माझी नोकरी जाईल हे त्याला कळलं. तो गप्प बसला. मीही गप्प बसलो. त्याच्या गप्प बसण्यात आणि माझ्या गप्प बसण्यात काय फरक होता ते तुम्हीच पाहा.

"ही बांध," मी पट्टी पुढं केली. "तूच बांध. तुला ओळखतो तो."

पुंजाजीनं हात वर केला तशी वाघ्यानं आपलं डोकं खाली केलं, गाठ मारायला सोपं जावं म्हणून.

"पाहा, पाहा," अध्यक्ष मागं सरत म्हणाले, "कसं डोस्कं खाली घालते! माराच्या तयारीत हाये."

मेडशीच्या पोरीची आई कपाळ बडवून घेत होती. "अवं माय, याच्या मांगं म्या माही लेक बसवली वं!" ती पोरगी दुसऱ्याच्या बंडीत बसून गेली. आणि साहेबांची मोटार? तिला सावली मिळालीच नाही, कारण वाघ्याजवळ जायला ड्रायव्हर तयार होईना. त्यानं ती माझ्या सगळ्या चुन्याच्या रेघांवर आडवी लावली. अकोल्याकडं तोंड करून.

त्या दिवसापासून पुंजाजीच्या बंडीला नाल्याकडचा उन्हाचा कोपरा मिळाला. जागेची मात्र ददात नाही. आजूबाजूला चार बंड्या मावतील एवढं अंतर लोक आपणहून सोडायचे. पोरांच्या गोट्या बंद. नवऱ्या बंद, पोटुश्या लेकी बंद, म्हाताऱ्या बंद. कोण बसवणार आपली लेक तांबड्या चिंधीच्या मागं? पुंजाजी सडकेची गिट्टी वाहू लागला. घागर सांडू न देणारा तो बैल दगड ओढू लागला, आणि तेही तितक्याच जपून, जणू गिट्टीलाच दिवस गेले आहेत.

आणि मी? मी चहाच्या दुकानात ती गोष्ट सांगू लागलो. लोकच आग्रह करायचे. पहिल्यांदा सांगितली तेव्हा वाघ्यानं नुसता धक्का दिला होता. मग शिंग घातलं. मग उचललं. दिवाळीपर्यंत मी हवेत बराच वेळ होतो. सांगता सांगता मांडीवर थाप मारून हसायचो. गोष्टीला शोभावं म्हणून थोडं लंगडायचोही.

एका संध्याकाळी घरी आलो तर बायको तेलाची वाटी घेऊन उंबऱ्यात बसलेली.

"बसा," ती म्हणाली. "चोयून देतो. कोन्ता पाय?"

"हा — उजवा."

"अवो, काल डावा व्हता ना?"

तिनं माझ्या तोंडाकडं जरा वेळ पाहिलं, मग दोन्ही पायांना तेल लावलं. पुन्हा विचारलं नाही. मी त्या दिवशी सांगायला हवं होतं की नाही? वाटी होती, संध्याकाळ होती, ती होती, दुसरं कोणी नव्हतं. मी म्हणालो, तेल जरा कोमट हवं होतं.

पण हेही सगळं मिळून अर्धंच आहे. माणूस घाबरून एक शब्द खोटं बोलतो, त्याला एक वेळ — नाही. सबब सांगायची नाही असं ठरवून बसलो आहे. पुढचं सांगतो.

पुढच्या वर्षी बायकोला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, आणि तिचं माहेर कामरगाव. तिला न्यायला माझा साळा आला. मी दारात गेलो तर समोर बंडी, आणि बंडीला पाखऱ्या आणि वाघ्या. शिंगावर उडालेल्या रंगाची चिंधी.

"कापसाचे दिवस, भाऊजी," साळा खाली मान घालून म्हणाला. "गावात एक बंडी मोकयी नाही. पुंजाजीची तेवढी हाये. त्याले आता कोनी बलावतच नाही ना."

आळी जमली. शेजारची म्हातारी तर माझ्या अंगावरच आली. "दरोगाजी, डोस्कं फिरलं काय तुमचं? तुमाले मारलं त्यानं, अन् त्याच्याच मांगं पोटुशी पोरगी बसवता?"

आता बघा. त्या आख्ख्या आळीत, आख्ख्या गावात, त्या बंडीइतकी सुरक्षित बंडी दुसरी नाही हे ठाम माहीत असलेला माणूस एकच होता. मी बायकोला तिच्यात निर्धास्त बसवणार होतो. पण का, हे सांगायला हवं होतं. मी तोंड उघडलं. खरंच सांगतो, खरं बोलण्यासाठीच उघडलं. आणि तोंडातून आलं —

"जाऊ द्या, आजी. जनावर आहे. मी मनात ठेवलेलं नाही."

म्हातारीनं डोळ्यांना पदर लावला. "देवमानूस हाये वं," ती माझ्या बायकोला म्हणाली. मी मान लववली. मी — वाघ्याला माफ करून — मान लववली!

पुंजाजी जुवापाशी उभा होता. तो पुढं आला. त्याला एवढा वेळ बोलताना मी त्यापूर्वी ऐकलं नव्हतं.

"दरोगाजी, तुमी मनात ठेवलं नाही, लय झालं. आता एक करा जी. त्याच्या कपायावर हात ठेवा एकडाव. इतले लोक हायेत, पाह्यतीन. चिंधी राहू द्या, कमेटीची हाये. हात तेवढा ठेवा. मंग लोक म्हन्तीन, दरोगाजीनं सोता हात ठेवला. माहं काम चालू होईन."

खोटं कबूल करा असं तो म्हणत नव्हता. त्याला ते खोटं आहे हे ठाऊक होतं की नव्हतं, देव जाणे. त्याला फक्त माझा एक हात हवा होता, आणि तोही क्षणभर.

वाघ्यानं डोकं खाली केलं. पिवळसर पट्टे माझ्या छातीसमोर आले. मी हात उचलला. सगळी आळी श्वास धरून होती. हात निम्म्या वाटेवर गेला, आणि वाघ्यानं श्वास सोडला — तो ओला, गरम श्वास माझ्या मनगटावर आला.

मी हात मागं घेतला, वर सूर्याकडं पाहिलं आणि म्हणालो, "ऊन चढतं आहे. निघा तुम्ही."

पुंजाजी "हो जी" म्हणाला.

बायको बंडीकडं गेली. चढण्याआधी तिनं सगळ्यांदेखत वाघ्याच्या कपाळावर हात ठेवला, चांगला जरा वेळ ठेवला, आणि त्या वेळी ती माझ्याकडं पाहत होती. पण लोकांना त्याचा उपयोग झाला नाही. म्हातारी म्हणाली, "धन्याचं पाहून बायकोबी धीट झाली." वाघ्याला मिळायचं तेही माझ्याच पदरात पडलं.

बंडी कामरगावला पोचली. मुलगी झाली. दोन महिन्यांनी त्याच बंडीतून मायलेकी परत आल्या, लेक वाटभर झोपून होती. दसऱ्याला कमेटीनं मला फेटा बांधला. धाडस आणि क्षमा या दोन गुणांबद्दल अध्यक्ष बोलले. मी फेटा बांधून घेतला.

पुढच्या पोळ्याला मी सासुरवाडीला होतो. तोरणाखालून कामरगावचे बैल गेले, झुली पांघरून, शिंगं रंगवून. वाघ्याला सगळ्यांत शेवटी सोडलं. आपल्या गावच्या बैलाची त्यांना खात्री होती, पण शिंगाला चिंधी असलेलं जनावर पुढं कसं काढायचं? मग पुंजाजी त्याला घेऊन दारोदार फिरत आमच्या दाराशी आला. मी ओसरीवर होतो, तो घरात शिरलो आणि खिडकीच्या फटीतून पाहू लागलो. वाघ्याच्या शिंगावर नवी कोरी तांबडी पट्टी होती. कडेला सोनेरी गोट लावलेला.

"हे काय पुंजाजी?" बायकोनं ओवाळता ओवाळता विचारलं.

"घरच्या बाईनं शिवली. कमेटीचा हुकूम हाये ना, मंग सनाले जुनी कायले बांधू?" तो हसला. वाघ्या तिच्या हातातली पुरणपोळी खात होता आणि माझी मुलगी त्याच्या गळ्याखाली उभी राहून त्याच्या गळ्याची लोंबती कातडी ओढत होती. "जवाईबापू नाही काय घरी?"

"सांग, पाय दुखतो आहे," मी आतून कुजबुजलो.

"पाय दुखून राह्यला म्हन्तेत," बायको बाहेर म्हणाली.

"अरारा. कोन्ता जी?"

तो काळजीनं विचारत होता की कसा, ते मला अजून कळलेलं नाही. बायकोनं वाघ्यापुढं आणखी एक पोळी धरली. मग पुंजाजी वाघ्याला घेऊन पुढच्या दाराला गेला.

आता मोटारी पुष्कळ झाल्या. लिंबाखाली त्यांचाच तळ आहे, त्याचाही दरोगा मीच आहे. मोटारींना मी भीत नाही. वाघ्या जाऊन बरीच वर्षं झाली. पुंजाजीनं त्याला आपल्या शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, पुरलं. साळा हजर होता, त्यानं सांगितलं. माती लोटायच्या आधी कोणीतरी म्हणालं, पुंजाजी, आता तरी ती चिंधी सोड. पुंजाजीनं हात लावला नाही. म्हणाला, "कमेटीनं सोडाचं सांगतलं नाही अजून."

कमेटीत ते सांगायचं काम कोणाचं होतं, हे आता तुम्हाला माहीत आहे. एका वाक्यात झालं असतं.

पुंजाजी आहे. कामरगावलाच आहे. मी त्याच्याकडं गेलेलो नाही.

वाघ्यानं मला मारलं नाही. तो शिंकला होता.